वाचता येणारा खांब

रत्नागिरीत वीज जात नाही, 'लाइट जाते'. भर दुपारी पंखा थांबला, दिवा एकही लागलेला नसला, तरी जाते ती लाइटच. इंग्रजीतून आलेल्या या शब्दाला मराठीने स्त्रीलिंग दिले, ते बहुधा घरच्या 'वीज' या शब्दाला स्मरून. 'वीज' हा शब्द मात्र आमच्या भागात अजून आकाशाकडेच राहिला आहे. वीज पडते, लाइट जाते. आणि पुष्कळदा पहिली पडली म्हणून दुसरी जाते. ही साखळी कोकणातल्या प्रत्येक मुलास पहिल्या पावसापूर्वीच ठाऊक असते.

ही साखळी तोडण्याचा एक मोठा प्रयत्न आमच्या शहरात हाती घेण्यात आला. जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणाऱ्या राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून किनाऱ्यावरील अलिबाग, रत्नागिरी अशा शहरांतील वीजवाहिन्या जमिनीखाली नेण्याचे ठरले. रस्त्याकडेला चर पडले, केबलची लाकडी रिळे येऊन उभी राहिली, आणि शहरात नेहमीच्या दोन बाजू पडल्या. एक म्हणे, शहर आता मुंबईसारखे दिसेल. दुसरी म्हणे, रस्ता पुन्हा खणला. आम्ही मराठी विषय शिकवणारे, म्हणजे विजेच्या बाबतीत अडाणी. तरी या दोन्ही बाजूंखेरीज तिसरे काही म्हणावे असे आम्हांस वाटते, आणि ते आमच्या विषयाच्या वाटेनेच सुचले असल्यामुळे या पानावर मांडण्यास हरकत नसावी.

आधी आमचे मत सांगून टाकतो. तारा जमिनीखाली गेल्याच पाहिजेत. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' आले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि मंडणगड-दापोलीची दैना करून गेले. मे २०२१ च्या मध्यास 'तौक्ते' आमच्या समोरून गुजरातकडे गेले. 'निसर्ग'नंतर दापोली-मंडणगडातील कित्येक गावांनी आठवड्यांमागून आठवडे काळोखात काढले. माड आणि आंबा उन्मळून पडले त्याचे दुःख वेगळेच, पण ते पडताना तारांवर पडले आणि तारांनी खांब ओढून खाली आणले. इतर जिल्ह्यांतून वीज कर्मचाऱ्यांच्या तुकड्या मागवाव्या लागल्या. 'तौक्ते'च्या वेळी तर करोनाची दुसरी लाट चालू होती. वीज जाणे म्हणजे काय, याचा अर्थ त्या आठवड्यात प्राणवायूच्या यंत्राजवळ बसलेल्या माणसास विचारावा. शब्दकोशात तो सापडणार नाही.

वादळ नसतानाही समुद्रकाठची हवा तारांना सुखाने जगू देत नाही. खारा वारा लोखंडी खांब कुरतडतो. चिनीमातीच्या कपांवर मिठाचा थर बसतो आणि पहिल्या भुरभुरीत तो ओला झाला की ठिणग्या उडतात. एखादी झावळी वाऱ्यावर झुलत तारेवर येते आणि अख्खी वाडी काळोखात जाते. मे महिन्यात फांद्या तोडण्याची मोहीम निघते, तेव्हा झाड आणि तार यांत कोण आधी होते, हा प्रश्न कुणी विचारत नाही. या सगळ्यांत खांबावर चढणारा माणूस भर पावसात चढतो. त्याला हल्ली 'जनमित्र' असे गोड नाव आहे. लोक त्याला वायरमनच म्हणतात आणि त्याचीच वाट पाहतात. तारा जमिनीखाली गेल्याने एकाही वायरमनचा जीव वाचत असेल, तर खर्चाचा हिशेब निराळ्या वहीत मांडावा लागेल.

न्यूयॉर्क शहराने हा धडा असाच वादळाकडून घेतला होता. तारा जमिनीखाली घालाव्यात असा कायदा तेथे आधीच झालेला होता, पण कंपन्या टाळाटाळ करीत होत्या. मार्च १८८८ च्या हिमवादळात तारांचे जंजाळ रस्त्यावर कोसळले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात एक कामगार भर दुपारी, गर्दीच्या डोळ्यांदेखत तारांत अडकून मेला. त्यानंतर मात्र महापौरांनी खांब तोडायला माणसे पाठविली. कायदा कागदावर होता तोवर कुणाला घाई नव्हती. आपल्याकडे मुंबई बेटावर बेस्टचे जाळे जवळजवळ सगळेच जमिनीखाली आहे, त्यामुळे शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या मुलांना आमचे खांब अजून नवलाचे वाटतात.

आता आमच्या विषयाकडे वळतो. 'भूमिगत' हा शब्द पाहावा. मराठी वाचकाच्या कानात या शब्दाभोवती १९४२ चे वलय आहे. अच्युतराव पटवर्धन भूमिगत होते, क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत होते. भूमिगत होणे म्हणजे सरकारच्या नजरेआड होणे, पण लोकांच्या घरात असणे. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात, आणि त्या घरातल्या म्हातारीला सगळे ठाऊक. सरकारी मराठीने हा शब्द उचलून वीजवाहिनीला लावला. गटाराला मात्र बहुधा 'भुयारी' म्हणतात. भुयारी गटार, भुयारी मार्ग, आणि भूमिगत वीजवाहिनी. ही विभागणी कुणी जाणून केली असेल असे नाही, भाषेच्या अंगचीच ती असावी. जे खाली असणे स्वाभाविक, ते भुयारी. जे वर होते आणि खाली गेले, ते भूमिगत. या दुसऱ्या शब्दात एक जाणे आहे.

परंतु वीजवाहिनीच्या बाबतीत अर्थ नेमका उलटला आहे. ती लोकांच्या नजरेआड होते आणि केवळ कार्यालयास ठाऊक राहते. पुढे तर कार्यालयासही राहते की नाही, याची शंका यावी. बेचाळिसातल्या म्हातारीला जे ठाऊक होते, ते आजच्या गल्लीतल्या माणसास ठाऊक नसावे, हे आम्हांस खटकते.

खांब ही वाचता येणारी गोष्ट होती. हे वाक्य आम्ही वर्गात बोललो तेव्हा विद्यार्थी हसले, म्हणून त्यांनाच कामाला लावले. बोलींच्या अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी आपापल्या वाडीतल्या वायरमनशी, दुकानदारांशी, घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून खांबाभोवतीचे शब्द टिपून आणले. रोहित्राला कुणी रोहित्र म्हणत नाही, 'डीपी' म्हणतात. तारेला तार जोडणारा तुकडा 'झंपर'. खांबाला जमिनीशी ओढून धरणारी तिरपी तार म्हणजे 'ताण', आणि हा शब्द कार्यालयात कुणी शिकवलेला नाही. फ्यूज 'उडतो', फेज 'जातो', तार 'लोंबते', मीटर 'पळतो'. सगळ्यांत रंगला तो 'आकडा'. शाळेत आकडा, मटक्याच्या टपरीवर आकडा, आणि रात्री तारेवर टाकायचा तोही आकडाच. चोरीच्या या हत्याराला गणिताचे नाव कसे मिळाले, यावर वर्गात एक तास गेला. आकडा म्हणजे वाकलेला हूक हा अर्थ जुना, संख्येचा अर्थ निराळ्या वाटेने आलेला, हे शेवटी कोश उघडूनच मिटले. भूमिगत तारेवर आकडा टाकता येणार नाही, तेव्हा हा एक अर्थ आमच्या देखत पुसला जाईल. त्याबद्दल कुणी शोकसभा घेणार नाही, आम्हीही नाही.

'तार' या शब्दाचे एक मरण आम्ही पाहिलेच आहे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. 'तार आली' या दोन शब्दांनी ज्या पिढीच्या काळजाचा ठोका चुकत असे, ती पिढी आता वाचनालयात सकाळची वर्तमानपत्रे चाळताना दिसते. आमच्या विद्यार्थ्यांना जुन्या कथेतली 'तार' तळटीप देऊन समजवावी लागते. उद्या 'तारेवर बसलेला वेडा राघू' हेही तळटीपेचे होईल काय, असे आमच्यापैकी एकाने विचारले. दुसऱ्याचे म्हणणे, राघू दुसरी जागा शोधील, त्याची चिंता कवींनी करू नये. हा वाद आम्ही येथे सोडून देतो.

सांगायचे ते निराळेच आहे. या सगळ्या शब्दांमागे एक पाहणे होते. वायरमन नसलेला माणूसही मान वर करून सांगू शकत असे की तिसऱ्या खांबावरचा झंपर तुटला आहे, किंवा फणसाची फांदी तारेला टेकली आहे. खांबावर रंगाने घातलेला क्रमांक असे. रस्ता विचारणाऱ्याला 'डीपीच्या पुढचा दुसरा खांब, तिथून डावीकडे' असे सांगता येई. घरांना क्रमांक नसलेल्या वाड्यांत खांब हाच पत्ता होता. वीज येते कुठून आणि अडते कुठे, हे ज्ञान पदवी नसलेल्यांकडेही होते, कारण ते उघड्यावर टांगलेले होते.

ते उघडे राहिले नाही की काय होते, याचा एक लहानसा अनुभव आमच्यापैकी एकास आला. गल्लीत एका खासगी कंपनीची इंटरनेटची केबल आधी खांबावरून येत होती, ती जमिनीखाली गेली. पहिल्याच पावसाळ्यात कुणीतरी कशासाठी तरी खणले आणि केबल तुटली. तक्रार करण्यास दूरध्वनी केला तेव्हा पलीकडून अत्यंत नम्र आवाजात विचारणा झाली, "खांब क्रमांक सांगा, सर." खांब तर नेलेला. तो नाही, असे सांगितल्यावर आवाज म्हणाला, "मग तक्रार कुठे नोंदवू?" पुढे पाच दिवस निरनिराळी माणसे येऊन रस्त्याकडे पाहून गेली. खणणाऱ्यास केबल खाली आहे हे ठाऊक नव्हते, आणि केबलवाल्यास ती नेमकी कुठे आहे हे ठाऊक नव्हते. इंटरनेटच्या जागी वीज असती, तर खणणाराच जिवानिशी गेला असता.

केबल पुरण्याचे नियम आहेत. घरगुती दाबाची वाहिनी साधारण पाऊण मीटर, अकरा हजार व्होल्टची त्याहून थोडी खाली, तेहतीस हजारांची मीटरभर किंवा अधिक. खाली वाळू, वर वाळू, वाळूवर विटा किंवा फरशी, म्हणजे पुढे कुणाची पहार पडली तर आधी विटेवर आपटावी. आमच्या सड्यावर हा चर खणणे म्हणजे जांभा फोडणे. जांभा जमिनीत असतो तोवर निदान ऐकतो, उघडा पडला की कठीण होत जातो. खणायला कष्ट पडले की खोली कमी करण्याचा मोह कुणालाही व्हावा. केलेला मोह मातीखाली झाकला जातो. खांब वाकडा उभा केला तर गाव हसत असे. उथळ पुरलेल्या केबलला कोण हसणार?

दोष शोधण्याचेही तसेच. वरची तार तुटली तर दिसते. खालची तुटली, तिच्या जोडात पाणी शिरले, तर यंत्र आणून, तारेतून स्पंद सोडून अंतर मोजावे लागते आणि मग त्या जागी खणावे लागते. म्हणजे अंतर मोजून झाल्यावर नकाशा हवा. नकाशात वाहिनी रस्त्याच्या डाव्या अंगाला आणि प्रत्यक्षात उजव्या, असे झाले तर मोजणी वाया. शिवाय भूमिगत वाहिनी सगळीच भूमिगत नसते. तिच्या पेट्या, जोडपेट्या, रोहित्रे वरच राहतात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण बुडविले, ते पाहिल्यावर त्या पेट्या किती उंचीवर बसवाव्यात हे रत्नागिरीच्या सखल भागात कागदावरून ठरवू नये. ज्यांच्या उंबऱ्यापर्यंत पाणी येते, त्यांना विचारावे.

तेव्हा आमची मागणी एवढीच आहे की खाली काय पुरले आहे त्याचा नकाशा सार्वजनिक असावा. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे एक ॲप आणले. खणणाऱ्याने आधी त्यावर कळवावे आणि खाली ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना सूचना जावी, अशी ती योजना. चांगली आहे. परंतु ती खणणारा आणि मालक या दोघांमधली आहे. ज्याच्या दारापुढे खणले जाते, तो तिसरा तिच्यात नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे कुणी मागण्याची वाट न पाहता कार्यालयांनी आपण होऊन पुष्कळ माहिती प्रसिद्ध करावयाची असते. मारुती मंदिरापासून माळ नाक्यापर्यंत आणि तेथून उतरून जयस्तंभापर्यंत रस्त्याच्या पोटात काय काय आहे, हे सांगणारा एक कागद शहराच्या वाचनालयात टांगायला काय हरकत आहे?

हरकत सांगितली जाते ती सुरक्षिततेची. नकाशा उघडा केला तर घातपात होईल. मोठ्या उपकेंद्रांचे तपशील झाकून ठेवावेत, त्यास आमची ना नाही. पण गल्लीतल्या वाहिनीबाबत हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही, कारण कालपर्यंत हीच तार सगळ्यांच्या डोक्यावर, दिवसाउजेडी, क्रमांकासह लोंबत होती. तेव्हा ती गुप्त नव्हती. ती गुप्त झाली केवळ मातीमुळे.

दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. कोणत्या रस्त्याच्या तारा आधी खाली जाव्यात? शहर सुंदर दिसावे हे कारण धरले तर उत्तर सोपे असते, हमरस्ता. पाहुणे तेथून येतात, छायाचित्रे तेथे निघतात. वादळ हे कारण धरले तर राजिवडा आणि मिरकरवाडा यांची नावे पुढे येतात, जेथे घराला घर लागलेले, वाट बोळाएवढी, आणि समुद्र हाकेवर. तेथे काम करणे महाग आणि कठीण, चर पाडायला जागाच नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पैसे जर चक्रीवादळाच्या नावाने आले, तर वाऱ्याच्या वाटेवर जे आधी आहेत त्यांचा विचार आधी व्हावा. हमरस्त्यावरच्या तारा काढून गल्लीच्या तोंडाशी काम थांबले, तर खांब गेले असे न म्हणता खांब मागच्या बाजूस सरकले, असेच म्हणावे लागेल.

सौंदर्याच्या मुद्द्यावर आम्ही फारसे बोलत नाही. तारांविना आकाश मोकळे दिसते हे खरे, आणि त्या आकाशात लगेच जाहिरातींचे फलक उभे राहतात हेही खरे.

अलिबागचा उल्लेख वर आला आहे. त्या शहराच्या दाराशी अक्षी आहे, आणि मराठीच्या विद्यार्थ्यास अक्षी म्हटले की शिलालेख आठवतो. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा लावला. वाचनाबद्दल आणि काळाबद्दल मतभेद आहेत, ते आम्ही वर्गात शिकवतोच. येथे आठवला तो एवढ्यासाठी की तो दगड पुष्कळ वर्षे साधा रस्त्याकडेला उभा होता. तसल्या दगडांचे काम काय असे? जमिनीबद्दल काहीतरी ठरले, ते ठरविणारे मरून गेल्यावरही येणाऱ्या-जाणाऱ्यास कळावे. आणि मोडणाऱ्यासाठी गधेगळावर शाप असे, अक्षरे न येणाऱ्यासही चित्रावरून कळेल असा.

भूमिगत केबलच्या वाटेवरही ठरावीक अंतरावर खुणेचे दगड बसवायचे असतात. हल्ली बहुधा सिमेंटचे, त्यांवर दोन-तीन अक्षरे आणि विजेचे चिन्ह. काही महिन्यांत ते गवतात जातात किंवा त्यांवर दुकानाची पायरी चढते. आमचे म्हणणे असे की हे दगड नीट असावेत, मराठीत असावेत, आणि त्यांवर तीन गोष्टी असाव्यात: खाली काय आहे, किती खोल आहे, आणि दगडाचा क्रमांक, म्हणजे तक्रार नोंदविताना सांगण्यास काहीतरी हाताशी राहील. शाप नको, विजेचे चिन्ह पुरे.

दगड कोणता असावा, यावर आमच्यात एकमत झालेले नाही. एकाचे म्हणणे, चरातून निघालेला जांभाच वापरावा, तो येथलाच आहे आणि फुकट आहे. दुसऱ्याचे म्हणणे, जांभ्याच्या भोकांत अक्षर टिकत नाही, दोन पावसांत वाचता यायचे नाही, घाटावरून काळा दगड आणावा लागला तरी चालेल.